नखभर गाळ

येसोजीअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी चिमूटभर मीठ मागत. पाणी नको, कॉफी मागाहून, खुर्ची कुठलीही चालेल. चपला दाराबाहेर काढायच्या, खांद्यावरची कापडी पिशवी मांडीवर घ्यायची आणि म्हणायचं, "अक्का, स्वल्प मीठ द्या की."

आमच्याकडे पहिल्यांदा मागितलं तेव्हा मी वाटीभर दिलं. पुण्याहून बंगळुरूला येऊन, मल्लेश्वरममधल्या भाड्याच्या घरात सामान लावून आम्हा तिघांना, म्हणजे हे, मी आणि आमची मुलगी, जेमतेम आठवडा झाला होता. त्याच घराच्या गच्चीवर एक खोली होती, तिच्यात हे गृहस्थ राहत. मला वाटलं, एकटा माणूस आहे, आमटी शिजत असेल आणि मीठ संपलं असेल. अण्णांनी वाटीतून दोन बोटांची चिमूट उचलली, पिशवीतून कॉफीची रुंद तोंडाची काचेची बाटली काढली. तिच्यात निम्म्यापर्यंत वाळू होती. वर पाणी ओतलं, मीठ सोडलं, झाकण घट्ट केलं आणि बाटली अशी काही घुसळली की आमचे हे पेपर खाली ठेवून सावरून बसले.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"समोर बंगला बांधतायत ना, त्यांची वाळू. कशी आहे बघू या. स्वल्प निवळू दे."

बाटली त्यांनी आमच्या टीव्हीवर ठेवली. वाळू भराभर तळाशी गेली, पण वरचं पाणी तांबूस, गढूळच राहिलं.

"हे काय म्हणजे, मिठानं गाळ लवकर बसतो," अण्णा म्हणाले. "तीन तासांत वाळूवर थर येतो. तो मोजायचा. नखाएवढा असला तर सरी. बोटाएवढा असला तर त्या लोकांना जाऊन सांगायला पाहिजे."

"म्हणजे तीन तास ही बाटली इथेच राहणार?"

"हो की."

"आणि तुम्ही?"

हे दोन शब्द मी कोणत्या सुरात उच्चारले असतील ते पुण्याच्या वाचकांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळणार नाही. अण्णा लगेच उठले. "मी जाऊन येतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पट्टीनं थर मोजून गेले. दीड बोट होता. त्यांनी समोरच्या बंगल्यात जाऊन सांगितलं. तिथल्या मेस्त्रीनं त्यांना हाकलून दिलं.

पुढे माझ्या लक्षात आलं की सगळ्या गल्लीत हेच चालायचं. बाटली तीन तास घरात राही, अण्णा पंधरा मिनिटं. कॉफीचा पेला खाली ठेवला की घरातलं कुणीतरी घड्याळाकडे बघे, आणि अण्णा पिशवी उचलत. बाटलीचं बस्तान बसायचं, माणसाचं नाही. हे मी आज लिहितेय. तेव्हा घड्याळाकडे सगळ्यात आधी मीच बघत होते.

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि पुण्याची होते, म्हणजे दोन्ही बाजूंनी मला सगळं कळत होतं. येसोजीअण्णा पन्नाशी उलटलेले, केस पांढरे, आणि मला अक्का म्हणत. मी एकदा स्पष्ट सांगितलं, "अहो, मी तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. अक्का काय म्हणता?"

"मग काय म्हणू, अक्का?"

त्यावर उत्तर नव्हतं. त्यांच्या मराठीवर मात्र माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती. ते 'थोडं' म्हणत नसत, 'स्वल्प' म्हणत. 'बरं' म्हणत नसत, 'सरी' म्हणत. मी त्यांना सुधारायला बघे. एकदा त्यांनी शांतपणे विचारलं, "आमचे लोक तीनशे वर्षांमागे घोड्यावरून आले, अक्का. तुम्ही रेल्वेनं आलात. आधी कोण आलं?"

आमचे हे इतके हसले की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

अण्णा करत काय होते, तर वाळू धुण्याचं यंत्र. तीस वर्षं त्यांनी खडीच्या खाणींत फोरमनचं काम केलं होतं. दगड फोडून खडी काढली की मागे चुरा उरतो. त्या काळी हा चुरा कुणालाच नको असे. प्रत्येक क्रशरच्या मागे त्याच्या राखाडी टेकड्या साठायच्या, वारा आला की गावावर उडायच्या. अण्णांच्या डोक्यात बसलं होतं की हा चुरा नीट धुतला तर त्याचीच वाळू होते. नदीला किती खरवडायचं, असं ते म्हणत. नोकरी सोडून त्यांनी होसकोटेच्या बाजूला पत्र्याची एक शेड घेतली, आणि तिच्यात तीन वर्षं खपून ते यंत्र उभं केलं.

एका रविवारी ते आम्हाला दाखवायला घेऊन गेले. मला वाटलं होतं, काहीतरी चकचकीत असेल. बघते तर आगगाडीच्या डब्यासारखी लांब, तिरकी लोखंडी पन्हळ, आणि तिच्यात जाडजूड मळसूत्र, माझ्या कमरेइतकं. खालच्या टोकाला चुरा आणि पाणी पडे. मळसूत्र सावकाश फिरे, वाळू त्याच्यावरून वर वर चढे, आणि घाण पाणी मागच्या काठावरून सांडून जाई. वरच्या तोंडातून ओली, करडी, स्वच्छ वाळू पडत राही.

"हत्तीण," अण्णा म्हणाले.

खरंच, आंघोळ करणाऱ्या हत्तिणीसारखीच दिसत होती ती. सोंड उंचावलेली, अंगावरून पाणी ओघळतंय, आणि कसलीही घाई नाही. अण्णा एका हातानं पाण्याचा कॉक फिरवत होते, दुसरा हात पन्हळीवर थोपटत होते. "पाणी कमी झालं तर मळते. जास्त झालं तर बारीक कण सगळे वाहून जातात. मग वाळू राहते, पण तिच्यात जीव नसतो. सिमेंट धरत नाही. नखभर गाळ हवाच, अक्का."

"घाण हवीच?" मी विचारलं.

"नखभर."

इथे माझ्याविषयी थोडं सांगणं भाग आहे. मी धुणारी बाई. दुधाची पिशवी मी साबणानं धुऊन फ्रिजमध्ये ठेवत असे. केरसुणी धुवत असे. एकदा मी धुण्याचा साबण धुतला होता, कारण तो खाली पडला होता. असल्या बाईसमोर कुणी येऊन घाण हवीच म्हणालं, तर ती त्याला यंत्रज्ञ समजेल की आळशी? मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला की ब्रह्मचारी माणूस आहे, ह्याला धुणं कसलं कळतंय.

त्याच वर्षी आम्ही घर बांधायला काढलं. व्हाइटफील्डच्या अलीकडे. आज तिथे काचेच्या इमारती आहेत आणि माझ्या नातीला ऑफिसला जायला सव्वा तास लागतो. तेव्हा नीलगिरीची झाडं होती, नाचणीची शेतं होती, आणि आम्ही होतो. ह्यांचा कारखाना जवळ, म्हणून तिथे प्लॉट घेतला होता.

भिंती उभ्या राहिल्या, छत घालून झालं, आणि गिलाव्याची वेळ आली तेव्हा अण्णा एका संध्याकाळी नेहमीसारखे आले. मीठ मागितलं नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी वेगळं आहे.

होसकोटेकडचे एक मोठे खाणवाले होते, नंजप्पा. त्यांच्या तीन क्रशरमागे चुऱ्याचे डोंगर साठले होते. अण्णांची हत्तीण त्यांनी दोनदा येऊन पाहिली होती. आवडली होती. पण म्हणाले होते, यंत्र फिरताना मी बघितलं, वाळूनं बांधलेली भिंत बघितली नाही. भिंत दाखव, मग बोलू.

"कुणी भिंत देत नाही," अण्णा म्हणाले. "दगडाच्या चुऱ्यानं गिलावा म्हटलं की लोक दार लावून घेतात. तीन वर्षं झाली. नंजप्पानं घेतली नाही तर शेड सोडावी लागेल."

त्यांनी मागितलं काहीच नाही. नुसतं सांगितलं, आणि पेला खाली ठेवून पिशवीला हात घातला. आमचे हे कारखान्यात तीस प्रकारचं लोखंड वितळवणारे. यंत्र दिसलं की त्यांना पाझर फुटतो. "आमची घ्या," ते म्हणाले. "हॉलची समोरची. सगळ्यात मोठी."

मी स्वयंपाकघरातून डोळे वटारले. उपयोग झाला नाही. ते अण्णांकडे बघत होते, आणि अण्णा भिंतीकडे बघत होते, आमच्या भाड्याच्या घराच्या, उगाचच.

हत्तिणीनं धुतलेली वाळू बारा गोण्यांत भरून आली. अण्णा टेंपोत पुढे बसून आले होते. गोण्या हॉलच्या कोपऱ्यात उतरवून घेतल्या, त्यातली मूठभर बाटलीत घातली, पाणी-मीठ टाकून घुसळली, आणि ती बाटली मला दिली. "ही ठेवून द्या, अक्का. निवळल्यावर बघा, बरोबर एक नख येईल. आता वाळूला कुणी हात लावायचा नाही. सरी?"

"सरी," मी म्हणाले. कानडी कानांना समजू लागलं होतं, पण बोलायला मी एवढंच शिकले होते, आणि तेही खोटं बोलायला वापरलं.

संध्याकाळपर्यंत बाटलीत थर बसला. नखाएवढा, राखाडी, मऊ. मी त्याच्याकडे बघत राहिले. हा चिखल माझ्या हॉलच्या भिंतीत जाणार. पाहुणे त्याच्यासमोर बसून पोहे खाणार. दिवाळीत मी त्याच्यावर तोरण लावणार. रात्रभर मला तो थर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेस्त्री जेवायला गेला, आणि मी पदर खोचला. मुनियम्मा नावाची बाई तिथे विटा वाहायला होती. तिला मी कॉफीचं आमिष दाखवलं. बोअरवेलच्या नळाखाली घमेलं धरायचं, वाळू घालायची, हातानं ढवळायची, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा पाणी. तांदूळ धुतो तसं. पाणी नितळ येईपर्यंत. मुनियम्मा म्हणाली, "अम्मा, वाळूचा भात करणार का?" मी तिला म्हटलं, तू धू. दोन दुपारी आम्ही बाराही गोण्या धुतल्या, पाच-पाच पाण्यांनी. हाताची सालटी निघाली. पण वाळू अशी झाली की मला तिची ओंजळ भरून घ्यावीशी वाटली. साखरेसारखी. मी इतकी खूश होते की अण्णांनासुद्धा मनातल्या मनात माफ करून टाकलं.

मेस्त्रीनं थापीनं पहिला माल भिंतीवर मारला आणि तो घसरला. दुसरा मारला, अर्धा राहिला. "निल्लल्ल, अम्मा," तो म्हणाला. टिकत नाही. मी म्हटलं, सिमेंट वाढव. त्यानं सिमेंट वाढवलं, पाणी वाढवलं, शिव्या वाढवल्या, आणि कशीबशी भिंत पुरी केली. वाळल्यावर ती दिसायला छान दिसत होती. मी तिच्यापुढे उभी राहून म्हणाले, बघा, स्वच्छता म्हणजे काय असते.

त्या रविवारी सकाळी नंजप्पा आले. पांढरा शर्ट, पांढरी पंचा-लुंगी, बोटात मोठी अंगठी. अण्णांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याच्या घड्या अजून उलगडायच्या होत्या. आमचे हे यजमानासारखे हात मागे बांधून उभे. मी कॉफी घेऊन आले तेव्हा नंजप्पा भिंतीवर अंगठी वाजवत होते. टक, टक, आणि मग एके ठिकाणी, ढब.

ढब झाल्यावर त्यांनी पुन्हा वाजवलं. आणि पाटाएवढा पोपडा भिंतीवरून सुटला, एकदम, कुणी उचलून ठेवावा तसा, आणि नंजप्पांच्या पायाशी येऊन फुटला. पांढऱ्या लुंगीवर करडी धूळ बसली. मुनियम्मा दारातून डोकावली, माझ्याकडे बघितलं, आणि गेली.

कोपऱ्यात एका गोणीत थोडी वाळू उरली होती. अण्णांनी पिशवीतून बाटली काढली. वाळू घातली, पाणी घातलं. "अक्का, स्वल्प मीठ." साइटवर जेवणाचा डबा होता, त्यातलं मीठ मी आणून दिलं. त्यांनी बाटली घुसळली, आणि उजेडात धरली.

वाळू खाली गेली. आणि पाणी निवळलं. तीन तास नाही, तीन मिनिटं नाही. तिथल्या तिथे. खिडकीतलं नीलगिरीचं झाड बाटलीतून आरपार दिसत होतं. थर नावालाही नव्हता.

अण्णांनी त्या पाण्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे बघितलं. सालटी निघालेली बोटं मी पदराखाली घेतली. ज्या माणसानं आयुष्यभर बाटली चार लोकांना दाखवल्याशिवाय खाली ठेवली नाही, त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, बाटलीभोवती गुंडाळला, आणि ती पिशवीत घातली.

"माझी चूक," ते नंजप्पांना कानडीत म्हणाले. "यंत्रात पाणी जास्त सोडलं. बारीक कण सगळे गेले. वाळूत जीव राहिला नाही."

नंजप्पांनी लुंगी झटकली. "येसोजी, मग तुझं यंत्र घेऊन मी काय करू?" ते म्हणाले, आणि जीपमध्ये जाऊन बसले. अण्णा त्यांना सोडायला मागून गेले.

आता इथे मी बोलायला हवं होतं. एवढासा तर शब्द होता. पण आमचे हे बाजूला उभे होते, मेस्त्री होता, आणि मी छत्तीस वर्षं कधी चुकलेली नव्हते. मी झाडू घेतला आणि पोपड्याचे तुकडे गोळा केले. अगदी स्वच्छ झाडून काढलं.

अण्णा त्यानंतरही येत. पंधरा मिनिटं, एक पेला कॉफी. पण पिशवी आणत नसत, आणि मीठ मागत नसत. त्यांच्या मांडीवर काही नसलं की हातांना काय करावं कळत नसे. ते गुडघ्यांवर ठेवून बसत, फोटो काढायला बसल्यासारखे. आमचे हे पाहुण्यांना सांगत, "आमच्या भिंतीवर प्रयोग केला बुवा अण्णांनी." अण्णा मान हलवत. मी कॉफीत साखर ढवळत राही.

दोन आठवड्यांनी घरमालकीणबाई वाळत घातलेले कपडे काढता काढता म्हणाल्या, "येसोजीअण्णा खोली सोडतायत. बळ्ळारीकडे कुठल्या खाणीत फोरमन म्हणून जाणार. शेडपण सोडली. यंत्र मोडीत देतायत, सोमवारी गाडी येणार."

त्या दिवशी शुक्रवार होता. शनिवारी सकाळी ह्यांना कारखान्यात पाठवलं, आणि मी दोन बाटल्या पिशवीत घेऊन होसकोटेची बस पकडली. एक अण्णांनी ठेवायला दिलेली, नखभर गाळाची. दुसरीत मी साइटवर जाऊन कोपऱ्यातली उरलेली वाळू भरून घेतली होती. पुडीत मीठ घेतलं. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे? मी म्हटलं, वाळू. तिनं जागा बदलली.

नंजप्पांच्या क्रशरवर सगळीकडे पिठासारखी धूळ. माझी निळी इरकल साडी पाच मिनिटांत राखाडी झाली. नंजप्पा ऑफिसच्या पायरीवर उभे होते. "कूत्कोळ्ळि," ते म्हणाले, बसा. मी बसले नाही. बसमध्ये दोन तास घोकलेलं कानडी वाक्य म्हणून टाकलं, "तप्पु नंदु." चूक माझी. त्यापुढे कानडी संपलं होतं. मग मी तिथेच, दगडाच्या चुऱ्यात उभी राहून, पाणी घालून, मिठाची पुडी सोडून, दोन हातांत दोन बाटल्या घेऊन घुसळायला लागले. कामगार गोळा झाले. एका बाटलीतलं पाणी लगेच नितळ झालं, दुसरीतलं गढूळच राहिलं. मी नितळ बाटली उंच धरून हिंदीत सांगितलं की ही मी धुतलेली, पाच वेळा, ह्या हातांनी. आणि ती हत्तिणीनं धुतलेली, ती बरोबर होती.

नंजप्पांनी दोन्ही बाटल्या हातात घेऊन उजेडात धरल्या. मग हसले, पण माझ्यावर नाही.

"मला त्या दिवशीच वाटलं होतं," ते म्हणाले. "तीस वर्षांचा फोरमन, पाणी किती सोडायचं ह्यात चुकेल? जीपपाशी मी त्याला विचारलं, कुणी धुतली रे? मला नाव सांग, मी पुन्हा येऊन बघतो. तर काय म्हणाला माहीत आहे? 'अदु नम्म मने विषय.' आमच्या घरातली गोष्ट आहे, म्हणाला. ती बाहेर सांगायची नाही." नंजप्पांनी डोकं खाजवलं. "मी त्याला इतकी वर्षं ओळखतो. येसोजीला घर कुठलं, अम्मा?"

मी पिशवीत बाटल्या ठेवत होते. झाकण लागायला वेळ लागला.

"आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाले, "चार वेळा धुतलीस?"

"पाच."

नंतर मी कॉफी घेऊन गच्चीचा जिना चढले. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह, आणि भिंतीला लागून फळीवर ओळीनं बाटल्या, प्रत्येकीवर कागदाची पट्टी चिकटवलेली: समोरचा बंगला, शाळेची भिंत, देवळाचा कट्टा. कॉटवर ट्रंक भरून ठेवली होती. अण्णा एवढे गडबडले की त्यांनी मला बसायला ट्रंकच पुढे केली.

"अण्णा, वाळू मी धुतली होती."

"हो की," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं."

"तीस वर्षांत एवढं स्वच्छ पाणी बघितलं नाही, अक्का. तुमचे हात चांगले आहेत. हत्तिणीला जमलं नसतं."

ते थट्टा करत नव्हते. ते खरंच कौतुक करत होते, आणि म्हणून मला रडू आलं. त्यांनी टॉवेल पुढे केला. मी तो नीट बघून घेतला, तरी डोळे पुसले. तो धुतलेला नव्हता.

नंजप्पांनी सोमवारची मोडीची गाडी थांबवायला लावली. आमची भिंत पुन्हा खरवडली, पुन्हा गोण्या आल्या, आणि ह्या वेळी मी स्वतः गोण्यांवर पहारा करायला बसले. मुनियम्मा येता-जाता मला विचारी, "धुवायची का, अम्मा?" गिलावा झाला, वाळला. नंजप्पा आले, आठ ठिकाणी अंगठी वाजवली, मग तळव्यानं थापटली, मग खांदा लावून रेललेसुद्धा. "आयतु," म्हणाले. झालं. हत्तीण त्यांच्या खाणीवर गेली, आणि दुसरी करायला सांगितली. अण्णांनी ट्रंक रिकामी केली. आज बंगळुरूत नदीची वाळू औषधालाही मिळत नाही, सगळं शहर धुतलेल्या चुऱ्यावर उभं राहतंय. ते घडवणाऱ्यांत अण्णा किती होते ते मला माहीत नाही. आमची भिंत मात्र अजून उभी आहे, आणि तिच्यात नखभर गाळ आहे.

एवढं झालं आणि वास्तुशांत आली. पुण्याहून सासूबाई, नणंदा, ह्यांचे कारखान्यातले लोक, मल्लेश्वरमची गल्ली, मिळून साठएक पानं. बाराला पहिली पंगत बसली. पानावर डाव्या बाजूला मीठ वाढून झालं, लिंबाची फोड झाली, आणि वाढता वाढता मी बघितलं, तर अगदी शेवटी, दाराजवळच्या पानावर अण्णा बसलेले. मांडीवर पिशवी. जेवून पंधरा मिनिटांत निघता येईल अशा बेतानं.

मी हातातली चटणीची वाटी नणंदेकडे दिली.

"अण्णा, उठा."

शेजारच्या चार लोकांनी माना वळवल्या. अण्णांनी वर बघितलं. "काय झालं, अक्का?"

"ही पाहुण्यांची पंगत आहे. इथे कशाला बसलात?"

सासूबाईंनी माझा दंड धरला. भरल्या पानावरून माणूस उठवतेस, असं त्या हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. अण्णा अर्धवट उठले होते. पिशवी छातीशी धरली होती, आणि तोंडावर ते हसू होतं, जे मेस्त्रीनं समोरच्या बंगल्यातून हाकललं त्या दिवशी होतं.

"घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात," मी म्हटलं. "आधी वाढायचं असतं. आमटी कोण फिरवणार? हे दोन हात कुठे कुठे पुरणार?"

अण्णा उभेच राहिले. त्यांनी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हॉलच्या त्या मोठ्या भिंतीकडे बघितलं, का ते मला ठाऊक नाही. शेवटी म्हणाले, "सरी, अक्का." पिशवी कोपऱ्यात खुंटीला अडकवली, बाह्या सारल्या आणि आमटीची बादली उचलली. तीन पंगती त्यांनी आमटी वाढली, कॉक फिरवल्यासारखी, ना कमी ना जास्त, आणि कुणी नको म्हटलं तर ऐकलं नाही.

आमची पंगत बसली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. सासूबाई, आमचे हे, मुलगी, मी, आणि मध्ये अण्णा. भुकेनं सगळ्यांचे चेहरे उतरलेले. वाढणारी नणंद मीठ वाढून पुढे गेली, आणि अण्णा उठले. खुंटीवरच्या पिशवीतून बाटली काढली, अंगणात जाऊन उरलेल्या ढिगातली वाळू घातली, पाणी घातलं, परत येऊन बसले, आणि आपल्या पानावरच्या मिठातली दोन बोटांची चिमूट उचलून आत सोडली. बाटली घुसळली. पानाच्या पलीकडे, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"तीन तास लागतील, अण्णा," आमचे हे म्हणाले.

अण्णांनी भातात खड्डा केला, आणि आमटीची वाट बघत म्हणाले, "राहतो की."